पावसाळी सफरचंद

खोपोलीचं वीजघर 1915 सालचं. वलवण धरणाचं पाणी घाट उतरून तिथं वीज करायला जातं. पण धरणापासून हाकेच्या अंतरावर आम्ही भाड्यानं घेतलेल्या बंगल्यात मोठी सर आली की दिवे जायचे. टीव्ही बंद, मोबाइल शेवटच्या घटका मोजतोय, बाहेर आषाढ कोसळतोय. मग जेवणाच्या टेबलाशी बसून करायचं काय, तर समोरच्या भिंतीवरचं फळांचं चित्र बघायचं. असं चित्र प्रत्येक भाड्याच्या बंगल्यात असतं. गीझर आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांबरोबर फुकट मिळत असावं.

पितळी थाळीत द्राक्षं, सफरचंदं, एक अननस आणि अर्धवट सोललेलं लिंबू. लिंबाची साल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबतेय. ही मूळची डच खोड. सतराव्या शतकात तिथल्या चित्रकारांना अशी साल रंगवायचं भारी वेड. आपला हात किती बसलाय ते दाखवायची ती जागा. हे मी आत्याला समजावून सांगितलं.

"सोललंच कशाला?" आत्या म्हणाली. "लोणच्याला साल नको?"

भाचा इंटरमिजिएट ड्रॉइंगला बसणार होता, त्यामुळे स्थिरचित्राचे कायदे त्याला तोंडपाठ. "मामा, सफरचंदांवर उजेड डावीकडून पडलाय आणि द्राक्षांवर उजवीकडून. आमचे सर मार्क कापतील."

बघतो तर खरंच. चित्रात दोन सूर्य होते. वलवणला आठवडाभर एकाचाही पत्ता नव्हता. अननसाला तर सावलीच नव्हती. थाळीच्या दोन बोटं वर तो अधांतरी होता. सावली कुणाला नसते हे आत्याला ठाऊक असल्यामुळे तिनं खुर्ची फिरवून घेतली आणि पुढची सगळी जेवणं चित्राकडे पाठ करून केली.

मला खटकली ती वेगळीच गोष्ट. उन्हाळ्यात याच घाटात पानाच्या द्रोणातून करवंदं विकतात, पण या भिंतींवर करवंदाला प्रवेश नाही. तिथं हवं सफरचंद, तेही डॉक्टरनं लिहून दिल्यासारखं निर्दोष.

निर्दोष म्हणतोय, पण मेणबत्ती जवळ नेली तेव्हा त्यावर करडे ठिपके दिसले. कुंचल्याचे नव्हेत, चांगले लवदार. भाच्यानं बोट फिरवलं तर ते बोटाला आले. बुरशी! वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या गावात चपला, पट्टे, गाद्या यांना ती धरते हे माहीत होतं. रंगवलेलं फळही नासतं हे नवीन.

इटलीच्या कारावाज्जोनं 1599 च्या सुमारास फळांची टोपली रंगवली. मिलानला आहे ती. त्यात सफरचंद किडलेलं, पानं खाल्लेली, काही वाळून गेलेली. फळ जसं असतं तसं दाखवायला त्या बिचाऱ्याला स्वतःच्या हातानं कीड काढावी लागली. इथं चित्रकारानं गुळगुळीत काम करून पैसे घेतले, उरलेलं वास्तव मावळच्या हवेनं पुरं केलं. आणि बुरशीला नजर होती हं! द्राक्षं तिनं सोडली, लिंबू सोडलं. अननसाकडे तीही फिरकली नव्हती.

तेवढ्यात केअरटेकर काका कंदील घेऊन आले. मी चित्राकडे बोट दाखवलं. काकांनी कंदील वर धरून जाणत्या शेतकऱ्यासारखी पाहणी केली.

"सफरचंदाला एरवी गणपतीच्या सुमारास येते," ते म्हणाले. "यंदा लवकर धरली."