काळी चारचा फॅनबेल्ट

नानांच्या गाडीत बसायच्या दोन अटी. चपला झटकून चढायचं आणि आत तोंडातून ब्र काढायचा नाही. पहिली अट सगळेच गाडीवाले घालतात. दुसरी खास नानांची, कारण गाडी सुरू झाली की नाना ऐकत असतात. रेडिओ बंद, एसी बंद, काचा खाली आणि मान किंचित डावीकडे कललेली, सवाई गंधर्वला पुढे मांडी ठोकून बसलेल्या रसिकासारखी.

गाडी 2009 सालची. सात माणसांची, उंच, डिझेलची, पार्किंगच्या दोन खांबांमध्ये म्हशीसारखी बसलेली. तिला पंधरा वर्षं झाली तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, आता काढून टाका." नाना उठले, आरटीओत गेले, पर्यावरण कर भरला आणि आणखी पाच वर्षांची मुदत घेऊन आले. येताना पेढे आणले. मुलगा बारावी झाला तेव्हा बर्फीवर भागवलं होतं.

नाना बँकेतून निवृत्त झालेले. लेजर लिहून वळलेलं अक्षर आता आवाजांच्या वहीत कामाला लागलंय. ती वही मी पाहिली आहे. तारीख, किलोमीटर, गिअर आणि शेरा. 'टक्. रिव्हर्स टाकताना, एकदाच. शाफ्टचा क्रॉस?' 'कटकटकट. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर, फक्त उजवीकडे.' 'खडखड, पण ड स्पष्ट नाही, खळखळकडे झुकणारा.' थंडीतल्या एका सकाळची नोंद तर चक्क पट्टीसकट होती. फॅनबेल्ट काळी चारमध्ये लागला होता. पाण्याचे दोन शिंतोडे मारल्यावर गप्प बसला, म्हणजे बेअरिंग नाही, बेल्टच, असा निकालही खाली लाल शाईत.

एकदा चाकातून 'घूंऽऽ' यायला लागलं. वेग वाढवला की वाढायचं, गिअर बदलून फरक पडायचा नाही. चाकाचं बेअरिंग हे ठरलं, पण कुठल्या बाजूचं? रात्री अकरा वाजता रिकाम्या रस्त्यावर नाना गाडी डावी-उजवीकडे झुलवू लागले. साहजिकच हवालदाराने अडवलं, यंत्रात फुंकायला लावलं. शून्य आलं. "मग असं का चालवताय काका?" नानांनी कारण सांगितलं. हवालदार दोन क्षण विचारात पडला आणि दार उघडून शेजारी बसला. एक चक्कर झाली. उतरताना म्हणाला, "डावीकडं वळवता तेव्हा वाढतोय. वजन उजव्या चाकावर येतं. उजवंच गेलंय." त्याच्या घरी जीप होती म्हणे. बेअरिंग उजवंच निघालं.

खरा प्रसंग आला तो गेल्या वर्षी. गाडी ओढेनाशी झाली. पायाखाली ॲक्सिलरेटर टेकला तरी चढाला दम लागायचा, मागे काळ्या धुराचा पडदा. सोसायटीत निदानांची रांग लागली, आणि ज्याचा जो आजार त्याचं ते निदान. अँजिओप्लास्टी झालेले तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, फिल्टर चोकअप. गुडघेदुखीवाले म्हणाले, क्लच प्लेट झिजली. मधुमेहवाल्यांना डिझेलात पाणी दिसलं. नानांनी कुणालाच हिडीसफिडीस केलं नाही. एअर फिल्टर काढून उन्हासमोर धरला. उजेड आरपार आला. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी आहे का ते पाहिलं, नव्हतं. क्लच तपासायला वरच्या गिअरमध्ये दाबून पाहिलं; आरपीएम पळतोय आणि गाडी जागच्या जागी, असंही नव्हतं. उरला इंजेक्टर. मिस्त्रीने फोनवर नुसता खर्चाचा आकडा सांगितला तर नाना पाणी प्यायले.

त्या आधी वाईला जाऊन गणपतीचं दर्शन घ्यावं असं ठरलं. मागे काकू मांडीवर डब्याची पिशवी धरून, शेजारी मी. खंबाटकीच्या चढाला गाडी दुसऱ्या गिअरवर आली. उसाची मोळी बांधलेला टेम्पोसुद्धा आम्हाला मागे टाकून गेला. नाना कान टवकारून, आम्ही श्वास रोखून. आणि काकू सोळा वर्षांत पहिल्यांदा गाडीत बोलल्या.

"कुकरची रिंग गेलीय."

नानांनी आरशातून असं पाहिलं की मी पिशवीच्या आड झालो.

"जोर दिला की फुस्स होतंय ना? रिंग सैल झाली की माझा कुकर अस्साच करतो. वाफ कडेने जाते, शिट्टी म्हणून होत नाही. गॅस मात्र जळतोय."

सुरूर फाट्यापर्यंत कुणी बोललं नाही. तिथल्या एका गॅरेजवाल्या पोराने बॉनेट उघडलं, टर्बोकडून येणाऱ्या जाड रबरी पायपाखाली हात घातला आणि बोट बाहेर काढून दाखवलं. काळं, तेलकट. पाईप खालून चिरला होता. दाबलेली हवा इंजिनपर्यंत पोचायच्या आत तिथूनच निसटत होती. डिझेल पुरेसं, हवा अपुरी, म्हणून तो धूर. नवा पाईप आणि दोन क्लिपा. तासाभराचं काम. पोरगं म्हणालं, "आवाज कुणी ओळखला?" नाना पाकीट शोधत होते.

हल्ली पार्किंगमध्ये कुणी टर्बोबद्दल विचारलं तर नाना सुरुवात करतात, "समजा, कुकर आहे." कुकर कुणाचा, ते सांगत नाहीत. पण परवा वही चाळायला मिळाली. पानाच्या उजव्या कडेला पट्टीने रेघ मारून एक नवा रकाना केलेला आहे: 'सौ.'

त्यातली ताजी नोंद अशी. 'घर्रर्र, पाचवा गिअर, उतारावर. सौ.: पुरणयंत्रात खडा आलाय.'

मंगळवारी गिअरबॉक्स उतरवणार आहेत.