गतकालीन गाणे रीतसर आठवावे कसे

साठच्या दशकातील गाण्यांच्या आठवणीने व्याकूळ होऊ इच्छिणाऱ्या इसमांची संख्या मालवण, वेंगुर्ले आणि कुडाळ या तिन्ही तालुक्यांत हल्ली इतकी वाढली आहे, आणि त्यांतील बहुतेकजण ही व्याकुळता इतक्या अजागळपणे, म्हणजे आरामखुर्चीत पाय पसरून मोबाइलवर नुसते बोट ठेवून, उरकून घेतात, की या कामाचे चार नियम कोणीतरी लिहून ठेवणे अगत्याचे झाले आहे. ही कामगिरी प्रस्तुत लेखकाकडे कोणी सोपविलेली नाही. पण आमच्या भागात न सोपविलेली कामेच मनापासून होतात.

मुख्य अट अशी की गाणे स्वच्छ ऐकू येता कामा नये. ज्या काळासाठी आपण उसासे टाकतो, त्या काळी रेडिओ सिलोनचे गाणे आमच्या किनाऱ्यावर येई ते आकाशाच्या वरच्या थरावर आपटून, तिथून परतून आणि वाटेत बरेचसे दमून. लघुलहरींचा तो स्वभावच असल्यामुळे बुधवारी रात्री आठाला ‘बिनाका गीतमाले’तून अमीन सयानींचा आवाज भरतीच्या लाटेसारखा चढे, आणि कोणते गाणे कितव्या पायदानावर आले हे ते सांगणार, इतक्यात तितक्याच डौलाने ओसरून जाई. सबब इच्छुकाने प्रथम एरिअलची तजवीज करावी. तांब्याची तार कौलांवरून नेऊन माडाला बांधावी. खाऱ्या वाऱ्याने ती चार महिन्यांत हिरवी पडली पाहिजे; न पडल्यास आपले घर समुद्रापासून फार लांब आहे असे समजावे आणि आपल्या आठवणींचा दर्जा दुय्यम मानून घ्यावा. अर्थची तार विहिरीजवळच्या ओल्या मातीत पुरावी, आणि उन्हाळ्यात ती माती सुकली की आवाज बसतो म्हणून तिथे रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालण्यास घरातील सर्वांत धाकटे पोर नेमावे. हे पद मी चार वर्षे भूषविले आहे. आजी खळ्यात तुळशीला पाणी घाली आणि मी मांगरामागे रेडिओला. दोघांच्याही श्रद्धेत काही उणे नव्हते, मात्र माझ्या देवाने दर बुधवारी सहासात गाण्यांचे तरी फळ दिले.

ट्रान्झिस्टरही चालेल, पण तो गणपतीला आलेल्या चाकरमान्याने मुंबईहून आणलेला असावा, आणि परत जाताना तो हा ऐवज ठेवणार की नेणार ही धाकधूक पाचव्या दिवसापर्यंत टिकलेली असावी. शिवाय रेडिओ बाळगण्यास त्या काळी सरकारी परवाना लागे, आणि टपाल कचेरीत दरसाल पैसे भरून तो नवा करून घ्यावा लागे, ही बाब विसरू नये. त्या खिडकीपुढे जो कधी उभा राहिला नाही, त्याने माफक गहिवरावे.

यापुढील कलम निंदेचे. ‘आताच्या गाण्यांत राम उरला नाही’ हे वाक्य दर अर्ध्या तासाला उच्चारणे आवश्यक असले, तरी ते उच्चारताना एक जुने दफ्तर नातवंडांच्या हाती लागणार नाही अशी खबरदारी घ्यावी. ज्या चित्रपटसंगीताला आपण आज सुवर्णयुग म्हणतो, ते ऐन बहरात येत असताना, 1952 साली, नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी, म्हणजे आपल्याच एका मराठी गृहस्थाने, ते हलके व अभिरुचीस बाधक ठरवून आकाशवाणीवर त्याची पुरती कोंडी केली. म्हणून तर श्रोते सिलोनकडे वळले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि 1957 च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ काढून सरकारला आपला गेलेला श्रोता परत मागावा लागला. आमचे आजोबा केसकरांच्या पक्षाचे होते. ती गाणी लागली की ते ‘काय ह्या मेल्यांचा रडगाणा’ म्हणून पडवीत जाऊन बसत, आणि पडवीतून सगळे ऐकू येई.

मराठी भावगीतांच्या बाबतीत मात्र जन्मस्थानाचा दाखला जोडणे सक्तीचे आहे. ‘शुक्रतारा’ लिहिणारे मंगेश पाडगांवकर वेंगुर्ल्याचे, हे सांगताना श्रीनिवास खळ्यांची चाल आणि अरुण दाते यांचा गळा ही जणू आपणच पुरविलेली किरकोळ साधनसामग्री होती असा सूर लावावा. आरती प्रभू या नावाने लिहिणाऱ्या कवीच्या बाबतीत किंचित खाली पाहून बोलावे. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आशाबाईंनी गायिलेले ‘ये रे घना’ ऐकून आज ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांना, कुडाळच्या खानावळीचा मालक असलेला हा चिंतामण त्र्यंबक खानोलकर रात्री हिशेबाच्या वहीखेरीज आणखी काय लिहितो याची चौकशी करावीशी वाटली नसावी. आणि 1959 साली त्याने मुंबईची वाट धरल्यावर बहुधा फक्त जेवणाची दुसरी सोय पाहिली गेली.

खाण्यापिण्याचे नियम सांगत नाही. पेज आणि भाजलेला सुका बांगडा असला की पुरे.

हे सर्व नियम प्रयोगाने सिद्ध झाले आहेत. गेल्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या काकांना, वय ब्याऐंशी, नातवाने मोठ्या कौतुकाने मोबाइलवर ‘शुक्रतारा’ लावून दिले. एकही शब्द न बुडता गाणे चालले होते. सुधा मल्होत्रांचा आवाज येताच काका ताठ झाले.

‘मेल्या, ह्या ता गाणा न्हय. तेच्यात बाई खय होती?’

आमच्या सेटवर तिच्या ओळीच्या वेळी लहर हटकून बुडत असे, म्हणून साठ वर्षे ते गाणे काकांनी एकट्या दात्यांचे म्हणून ऐकले होते, आणि या वयात त्यात फेरफार नोंदवून घेण्यास ते मुळीच राजी नव्हते. शेवटी मी पोराला फोन रिकाम्या तांब्याच्या कळशीत सोडायला सांगितले. आवाज आत घुमू लागला, शब्द एकमेकांत मिसळले, बाई कुठे संपते आणि कळशी कुठे सुरू होते ते कळेना. काकांनी डोळे मिटले, आणि जिथे पूर्वी रेडिओची फळी होती त्या भिंतीकडे हात लांबवून, चिमटीत काहीएक धरून, हवेतच केसभर उजवीकडे फिरवले.