मापात पाप

प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असा असतोच, जो तुमच्या घरी आला की आधी खुर्चीकडे बघत नाही, राउटरकडे बघतो. त्यावरचे दिवे मोजतो, एखादा लाल नाही ना याची खात्री करतो आणि मग बसतो. पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आत विचारतो, "तुमच्याकडे किती येतो?" नवख्या माणसाला वाटतं, पगार विचारतायत. जुन्याला ठाऊक असतं, स्पीड विचारतायत. "बरा येतो," म्हणून सुटका नाही. "बरा म्हणजे किती?" तुम्हाला आकडा सांगता आला नाही की तो स्वतःचा मोबाइल काढतो, तुमचाच पासवर्ड विचारतो आणि तुमच्याच सोफ्यावर बसून तुमच्या घराची तपासणी करतो. निकाल हाती आला की म्हणतो, "एवढ्यावर भागवता?"

डोंबिवली पूर्वेला, आमच्या इमारतीत ही जबाबदारी सबनीसकाकांनी स्वखुशीने उचलली आहे. काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच शोधण्यात आणि पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप घेऊन उभं राहण्यात घालवली. पाच लिटरला पंचवीस मिलीलिटरपर्यंत फरक चालतो. त्याहून एक थेंब कमी पडला की पंपाला सील. अशा माणसाच्या दारात एके दिवशी रंगीत पत्रक पडलं: "अपटू ३०० एमबीपीएस." निवृत्तीनंतर शांत झालेला निरीक्षक खडबडून जागा झाला.

"अपटू?" काका जिन्यात भेटेल त्याला पत्रक दाखवत होते. "वाण्याने 'अपटू एक किलो साखर' अशी पाटी लावली असती ना, तर त्यालाच पारड्यात बसवून मोजला असता मी!"

त्या दिवसापासून वही सुरू झाली. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. तारीख, वेळ, खोली, आकडा, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात "समाधानकारक" हा शब्द फारसा सापडत नाही. रात्री नऊचे आकडे लाल शाईत आहेत, आणि त्यात काकांचा गैरसमज काही नाही. कंपनीकडून निघालेली एक फायबर वाटेत स्प्लिटरने फुटून बत्तीस, कधी चौसष्ट घरांत जाते. जीपॉन नावाच्या आपल्याकडच्या नेहमीच्या व्यवस्थेत त्या सगळ्यांत मिळून सेकंदाला अडीच गिगाबिट. अडीच हजाराला चौसष्टने भागलं की चाळीसच्या आत उत्तर येतं. सगळे एकाच वेळी तुटून पडत नाहीत, या भरवशावर तीनशेची पत्रकं छापली जातात. काकांनी हा भागाकार वहीच्या पहिल्याच पानावर मांडून ठेवला आहे.

कायद्याचाही त्यांनी अभ्यास केला. २००४च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, पुढे ५१२ झाले, २०२३मध्ये सरकारने किमान दोन एमबीपीएस ठरवले. "म्हणजे तीनशे सांगून दोन दिले तरी व्याख्येत बसतं!" हा निष्कर्ष ते दूधवाल्यालाही ऐकवतात. बिट आणि बाइटचा घोळ तर त्यांच्या जिव्हारी लागलेला. शंभर एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट. "१९५८ साली किलो आला, मग शेर गेला. हे लोक अजून छटाकात सांगतात, मोठा आकडा दिसावा म्हणून."

इथपर्यंत काका बरोबर आहेत. त्यांचं बिनसतं ते टीव्हीपाशी.

दिवाळीत त्यांनी पंचावन्न इंची फोर-के टीव्ही घेतला. एका शनिवारी आम्हा चार शेजाऱ्यांना सिनेमाला बोलावलं. दिवे मालवले, कांदाभजी आली, सिनेमा सुरू झाला. पहिली काही सेकंदं चित्र जरा धुरकट होतं. "थांबा," म्हणत काकांनी सिनेमा थांबवला. "अजून चढलं नाही." मागे नेऊन पुन्हा लावला. पुन्हा धुरकट. पुन्हा थांबवला. आता, हे धुरकट असणं यंत्राच्या शहाणपणाचं लक्षण आहे. सिनेमा सर्व्हरवर काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून ठेवलेला असतो, प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत. टीव्ही आधी हलका तुकडा मागवतो, तो किती लवकर आला हे बघतो आणि मग वरच्या दर्जाचा मागतो. लाइन मंदावली की पुन्हा खालचा. प्रेक्षकाने नुसतं बघत राहायचं, बाकी सगळं परस्पर होतं. पण काका दर खेपेला मागे जात आणि टीव्ही दर खेपेला पहिल्यापासून अंदाज घेऊ लागे. भजी संपली तेव्हा पडद्यावर निर्मात्यांचे आभारच चालू होते.

शेवटी चित्र स्थिरावलं. आम्ही कथेत शिरणार, तोच काका पडद्याजवळ जाऊन बोट लावू लागले. "ही दाढी बघा. केस न् केस दिसतो. हा आहे खरा दर्जा. आणि ते मागचं अंधारातलं दार? तिथे चौकोन दिसतात. तिथे मारलाय माल." नायक कोणाचा खून करतो ते आम्हाला कळलं नाही. दार मात्र पाठ झालं.

काकांसारख्या मंडळींना एक गोष्ट सांगून पटत नाही. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं, की ७२०पीला तीन, १०८०पीला पाच आणि फोर-केला पंधरा एमबीपीएस पुरतात. काकांकडे वहीतल्या सगळ्यात वाईट रात्रीही याच्या कितीतरी पट येतो. मग चित्र अडतं कुठे? बहुतेक वेळा राउटर आणि सोफा यांच्यामध्ये. फाइव्ह गिगाहर्ट्झचा वाय-फाय वेगवान, पण काँक्रीटच्या भिंतीपुढे हात टेकतो. टू पॉइंट फोरवाला भिंत ओलांडतो, पण त्याच पट्ट्यात शेजारपाजारचे दहा राउटर आणि घरचा मायक्रोवेव्ह ओव्हनही असतो. म्हणून सिनेमा चालू असताना सबनीसांच्या घरी भात गरम करायला बंदी आहे. राउटर घराच्या मध्यभागी असावा असं कुठेतरी वाचून काकांनी घर टेपने मोजलं, तर मध्य नेमका देव्हाऱ्यात निघाला. बरीच बोलाचाली होऊन राउटर देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर गेला. खंडेनवमीला काकू त्याला झेंडूचं फूल वाहतात. अँटेनावर लावू नको, एवढीच काकांची अट.

नेट देणारा विकी हा मूळचा केबलवाल्याचा मुलगा. बापाने घराघरांत चॅनेल दिली, त्याच गच्च्यांवरून हा फायबर देतो. त्याची भाषा ठरलेली: "काका, आमच्याकडून क्लीन आहे." "वरूनच लाइन गेलीय." "फायबर कट आहे, पोरं साइटवर आहेत, अर्ध्या तासात येईल." तो अर्धा तास गणपतीत दोन दिवसांचा होतो, कारण उंच मूर्ती जाताना रस्त्यावरच्या वायरी बांबूने वर सारतात आणि त्यातली एखादी सुटून येते. पावसाळ्याआधी रस्ते खणले की तीच कथा. काकांनी विकीला इतके फोन केले, की त्याने एकदा खिशातून पिवळं पॉवर मीटर काढलं, फायबरचं टोक त्यात खुपसलं आणि म्हणाला, "बघा, मायनस एकोणीस. मायनस सत्तावीसच्या खाली गेला तर मला बोला."

काका मीटरकडे बघतच राहिले. पहिल्यांदाच त्यांना या धंद्यात एक सच्चं माप भेटलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, तळाला शिक्का शोधला. "याचं प्रमाणीकरण कधी केलंय?" विकी त्या दिवशी चहा न घेता गेला.

पण जाता जाता एक शहाणपणाचा सल्ला देऊन गेला: "काका, वाय-फायच्या नादी लागू नका. टीव्हीला सरळ लॅनची वायर टाका." वायर टाकली. भिंतीच्या कडेने, खिळे ठोकून, छान सरळ. त्या रात्री सिनेमा पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत एकदाही न अडखळता चालला, असं काकू सांगतात. काकांनी तो पाहिला नाही. ते टीव्हीवर स्पीड मोजून हादरले होते. चौऱ्याण्णव! तीनशे विकत घेऊन चौऱ्याण्णव! पुष्कळशा टीव्हींमध्ये, महागड्यांतसुद्धा, लॅनचं सॉकेट शंभर एमबीपीएसचंच बसवलेलं असतं, कारण सिनेमाला त्याचा पाव हिस्सादेखील लागत नाही. हे मी समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी वायर उपटली. आता टीव्ही पुन्हा वाय-फायवर आहे. आकडा दोनशे साठ येतो, आणि सिनेमा भांडणाच्या ऐन प्रसंगी गोल गोल फिरत बसतो. काका समाधानी आहेत.

त्या स्पीड टेस्टचंही एक गुपित आहे. ती बहुधा जवळात जवळचा सर्व्हर निवडते, आणि तो पुष्कळदा नेट देणाऱ्या कंपनीच्याच जाळ्यात बसलेला असतो. म्हणजे मोजमाप होतं ते घरापासून कंपनीच्या दारापर्यंतच्या रस्त्याचं. सिनेमा मात्र अनेकदा त्यापलीकडून यायचा असतो. नेटफ्लिक्सने २०१६मध्ये स्वतःच्या सर्व्हरवरून मोजणारी वेगळी चाचणी काढली. काका दोन्ही चाचण्या करतात आणि मोठा येईल तो आकडा विकीला नाही, शेजाऱ्यांना सांगतात.

१९ नोव्हेंबर २०२३ला वर्ल्ड कपची फायनल होती. तेव्हा हॉटस्टारवर एकाच वेळी ५ कोटी ९० लाख लोक सामना बघत होते. वरच्या मजल्यावर डिश होती, काकांकडे स्ट्रीमिंग. इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण तुकड्यांनी येतं आणि टीव्ही दोन-तीन तुकडे हाताशी साठवून मगच दाखवतो, म्हणून ते मागे राहतं. रोहित शर्माने मॅक्सवेलला उंच मारला, काकांच्या पडद्यावर गोलंदाज अजून धावायला सुरुवातही करत नव्हता, तोवर वरच्या मजल्यावरून "अरेरे!" आलं. काकांनी तत्काळ स्टॉपवॉच दाबलं. यथावकाश ट्रॅव्हिस हेडने मागे धावत जाऊन तो अवघड झेल घेतला, अख्ख्या इमारतीच्या काळजात धस्स झालं, आणि काका विजयी स्वरात ओरडले, "छत्तीस सेकंद!" दोन दिवस त्यांच्याशी कोणी बोललं नाही.

याच घरात काकू राहतात. त्यांच्याकडे तडा गेलेल्या काचेचा मोबाइल आहे. तो त्या भाजी निवडताना डाळीच्या डब्याला टेकवून ठेवतात आणि मोबाइलच्या डेटावर कोरियन मालिका बघतात. सोळा-सोळा भागांच्या कितीतरी मालिका त्यांच्या बघून झाल्या. २०२०च्या मार्चमध्ये, टाळेबंदीत जाळ्यावर ताण नको म्हणून मोठ्या कंपन्यांनी १४ एप्रिलपर्यंत मोबाइलवरचा दर्जा ४८०पीवर उतरवला होता. काकांनी तेव्हा सुतक पाळलं. काकूंना अजून ते ठाऊक नाही. "अहो, तो मुलगा तिला सोडून गेला हे एवढ्याशा काचेतही दिसतं हो मला," एवढंच त्या म्हणतात.

सुट्टीत आलेल्या नातवाने आजोबांचा टीव्ही हाताळला आणि पाच मिनिटांत विचारलं, "आजोबा, तुमचा प्लॅन कुठला?" नेट सगळ्यात महागाचं, टीव्ही फोर-के, आणि सिनेमाची वर्गणी? स्वस्तातली. त्या वर्गणीत चित्र ७२०पीच्या वर जातच नाही, तीनशे येवो की तीन हजार. वर्षभर काका दाढीचे केस मोजत होते ते ७२०मध्ये. घरात शांतता पसरली. मग काका म्हणाले, "बघितलंस? पाकिटावर बारीक अक्षरात छापतात. हीच यांची जुनी खोड." वर्गणी मात्र वाढवली नाही. पैसे माप पूर्ण मिळालं की द्यायचे असतात.

असं असलं तरी आमची इमारत त्यांच्या ऋणात आहे. पूर्वी आमच्याकडे एकच नेटवाला होता, कमिटीने दुसऱ्याला आतच येऊ दिलं नव्हतं. काकांनी वार्षिक सभेत वही उघडली आणि रात्री नऊचे लाल आकडे एकेक करून वाचले. तिसऱ्या महिन्यावर आले तेव्हा सेक्रेटरींनी हात जोडले आणि ठराव मंजूर झाला. दुसरी कंपनी आली आणि पहिली आपोआप सुधारली. "अपटू"बद्दलचं त्यांचं म्हणणंही माझ्या मते सोळा आणे खरं आहे. कमाल आकडा मोठ्या अक्षरांत छापणाऱ्याने किमान आकडाही तेवढ्याच अक्षरांत छापायला हवा.

तुमच्या सोसायटीतही असे कोणी काका असतीलच. मीटिंगमध्ये त्यांना जरूर बोलू द्या, वही वाचू द्या. त्यांनी सिनेमाला बोलावलं तर अवश्य जा, भजी उत्तम असतात. फक्त तो सिनेमा आधी आपल्या घरी पाहून घ्या.