जावळ काढलेलं कलिंगड

कोपरीत राहणाऱ्या माणसाला ठाणं दिसतं, पण मिळत नाही. गच्चीत उभं राहिलं की पश्चिमेच्या इमारती हाताच्या अंतरावर, आणि मध्ये फक्त रेल्वे. फक्त म्हणजे दहा फलाट, त्यांवरचे पूल, आणि त्या पुलांवर कायम घाईत असलेली निम्मी मुंबई. आमच्या विधानसभा मतदारसंघाचं नाव 'कोपरी-पाचपाखाडी'. कागदावर या दोन गावांमध्ये एक बारीक आडवी रेघ असते. ती रेघ म्हणजेच मध्य रेल्वे. रिक्षानं पलीकडे जायचं तर कोपरी पुलावरून तीन हात नाक्याचा वळसा. पूल अलीकडे रुंद झाला, वळसा होता तेवढाच राहिला. पायी जायचं तर स्टेशनातून, आणि त्यासाठी फलाट तिकीट. माणशी 10 रुपये, मुदत दोन तास.

मुदत तेवढी लक्षात ठेवा.

एप्रिलातल्या एका रविवारी लेकीला तलावपाळीला बोटीत बसवायचं ठरलं. बायको म्हणाली, "रिक्षा करू." मी म्हणालो, "कशाला? दोघांची दोन फलाट तिकिटं, वीस रुपये. पाचच्या आतल्या मुलांना तिकीट नाही. दोन तासांत परत आलो की त्याच तिकिटावर येणंही फुकट." हे वाक्य मी ज्या अभिमानानं बोललो तो अर्थसंकल्प मांडणाऱ्यालाही जमत नाही. बायकोनं उत्तर दिलं नाही. आमच्या घरात याला संमती धरतात, निदान मी तरी धरतो.

आणि मी बाबागाडी बाहेर काढली.

ही बाबागाडी लेकीच्या बारशाला मेव्हण्यानं दिलेली. तिला दोन ब्रेक, खड्ड्यांसाठी स्प्रिंगा, बाटली ठेवायला खळगा आणि पाच जागी अडकवायचा पट्टा आहे. फुटपाथ नावाची गोष्ट रिकामी असते अशा देशात ती बनली असावी. लेक आता साडेतीन वर्षांची आहे आणि गाडीबद्दल तिचं मत पक्कं आहे. "मी बाळ नाहीये." ती चालत निघाली. मी रिकामी गाडी ढकलत मागून. येताना दमेल तेव्हा उपयोगी पडेल, असा विचार. दूरदृष्टी हा माझा जुना आजार आहे.

अष्टविनायक चौकाकडून स्टेशनापर्यंत आम्ही भाजीवाल्यांच्या पाट्या, तिरक्या लावलेल्या स्कूटर आणि सॅटिस पुलाचे खांब यांच्यामधून पोचलो. तिकिटं काढली, त्यांवरची वेळ मी मोठ्यानं वाचली. जिन्यावर गाडी मी डोक्यावर घेतली. ती घडी होते म्हणतात. कशी, ते मेव्हण्याला माहीत असेल.

पुलाच्या मध्यावर मी थांबलो. खाली पाच नंबरचा फलाट दिसत होता, 2024 साली 63 तासांचा ब्लॉक घेऊन रुंद केलेला. ठाण्याच्या बापाला इथं थांबून मुलांना एक गोष्ट सांगावीच लागते, ती मी सुरू केली. "बेटा, 16 एप्रिल 1853 ला आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली आणि इथं, आपल्या ठाण्याला आली. चौदा डबे, चारशे पाहुणे, ओढायला तीन इंजिनं!"

"एसी होती?"

"नाही."

"दरवाजे आपोआप बंद व्हायचे?"

"नाही गं. पण तोफांची सलामी दिली होती."

लेकीनं बराच विचार केला. "त्यांना शू आली तर?"

पहिल्या गाडीबद्दल मी इतकं वाचलंय, पण हा प्रश्न कुणी घेतलेला आठवत नाही. "ठाण्याला उतरल्यावर केली असेल," मी म्हणालो. बायको घड्याळ बघत म्हणाली, "दोन तास म्हणालास ना?"

तलावपाळीवर रविवारी असते तशी जत्रा होती. फुगे, भेळ, मक्याची कणसं, कठड्यावर बसलेली कॉलेजची मुलं. बोटीला रांग. पायडल मारायची बोट आमच्या वाट्याला आली. मसुंदा तलाव काठावरून छोटा वाटतो. पायडलवर पाय ठेवला की त्याचं खरं क्षेत्रफळ कळतं. एका बाजूला कौपिनेश्वराचं देऊळ, दुसरीकडे गडकरी रंगायतन. 1978 सालापासून तिथं माणसं तिकीट काढून हसतात. त्या दिवशी काठावरच्यांना फुकट मिळालं.

कारण बरोबर तलावाच्या मध्यावर आवाज आला, "बाबा, शू."

"आत्ताच?"

"आत्ताच."

मी जीव खाऊन पायडल मारायला लागलो. बोट काठाकडे जायची सोडून जागच्या जागी फिरू लागली. देऊळ, रंगायतन, पुन्हा देऊळ, पुन्हा रंगायतन. सुकाणू बायकोकडे होतं आणि तिला इतकं हसू येत होतं की ते तिनं एकाच बाजूला दाबून धरलं होतं. काठावरून एक काका सल्ला देत होते, "उलटं मारा, उलटं!" मी उलटं मारलं, तर दर्शन उलट्या क्रमानं घडू लागलं. लेक मात्र शांत. दोन्ही गुडघे आवळून ती म्हणाली, "ठाण्याला उतरल्यावर करायची ना?" वेळेत उतरलो, एवढंच सांगतो. पुढचा स्वच्छतागृहाचा शोध, तिथली रांग, सुट्टे पैसे, मग धीर धरल्याबद्दल बक्षीस म्हणून कणीस, यात किती वेळ गेला ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

परतताना रस्त्यात कलिंगडांची हातगाडी लागली. कलिंगड निवडता येतं असं मानणारा माणूस हातगाडी टाळून पुढे जाऊ शकत नाही. मी एकेक उचललं, कानाशी धरलं, बोटांनी वाजवलं. विक्रेता कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. शेवटी पाचेक किलोचं, गोलमटोल, गुळगुळीत, फिक्या हिरव्या सालीचं एक पसंत केलं. हातात धरून जिना चढणं शक्य नव्हतं, म्हणून ते बाबागाडीत ठेवलं आणि पाचही पट्टे लावले. बायकोनं पाहिलं आणि स्वतःची ओढणी त्यावर टाकली. "लोक हसतील," ती म्हणाली.

लोक हसले नाहीत. तिथूनच घोळ झाला.

मेगाब्लॉकमुळे पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी ठाण्याच्या पुलावर वाट मागणाऱ्याला वाट मिळत नाही, कोपर मिळतं. पण एका बाईंनी ओढणीकडे पाहून हळू आवाजात विचारलं, "झोपलंय?"

खरं सांगायला एक क्षण मिळाला होता. तेवढ्यात मागून धक्का बसला आणि माझ्या तोंडून निघालं, "हो, आत्ताच."

"ए, सरका रे! बाळ आहे, बाळ आहे!" त्या ओरडल्या. आणि गर्दी दुभंगली. नोकरीला लागल्यापासून हे स्टेशन वापरतोय, असा राजरस्ता मला कधी मिळाला नव्हता. मी मान किंचित झुकवून, चिंताग्रस्त पित्याचा चेहरा करून चालू लागलो. बायको आणि लेक मागे कुठंतरी गर्दीत अडकल्या होत्या. उतरायच्या जिन्यापाशी चार पोरं पुढे झाली. चौघांनी चार कोपरे धरून गाडी उचलली. "सांभाळून रे, मान धर मान!" एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "काका, वजनदार आहे हो! काय खायला घालता?"

"वरणभात," मी म्हणालो.

दहा नंबरवर गाडी अलगद टेकली. बाकावरच्या एक नऊवारीतल्या आजी उठून आल्या. त्यांनी ओढणीवरूनच मायेनं हात फिरवला. माझा श्वास अडकला. आजींचा हात गोलाईवरून सावकाश पुढे गेला, मागे आला. "जावळ काढलं वाटतं?"

"मागच्याच आठवड्यात," मी म्हणालो. या पायरीला पोचलेल्या माणसाला परतीची वाट नसते.

आजींनी कनवटीची पिशवी सोडली, दहाची नोट काढली आणि ओढणीच्या घडीत खोचली. "पहिल्यांदा बघितलं, रिकाम्या हातानं कसं बघायचं? खाऊ घ्या त्याला." मी "नको, नको" म्हणत होतो आणि समोर टीसी उभा होता. त्यानंही गाडीकडे बघून मला हातानंच 'निघा, निघा' अशी खूण केली.

मी निघणार एवढ्यात कणीस खात लेक पोचली. गाडीभोवतीची माणसं बघून तिला आनंद झाला. "आजी, ते बाळ नाहीये," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "कलिंगड आहे. बाबांनी वाजवून घेतलंय."

चार पोरांपैकी एकानं ओढणी उचलली. पट्ट्यांमध्ये नीट बसवलेलं कलिंगड सगळ्यांनी पाहिलं. कुणीच काही बोललं नाही. मग टीसी पुढे आला, वाकला, आणि एकाच बोटानं कलिंगड वाजवलं.

"कच्चं आहे," तो म्हणाला. "तिकीट?"

तिकिटांची मुदत केव्हाच संपली होती. माणशी 250 रुपये दंड, वर भाडं. पावती फाडेपर्यंत तो सौजन्यानं वागला. पोरं जिना चढून जाताना मला नमस्कार करून गेली. आजींनी ओढणीतली नोट काढून घेतली, लेकीच्या मुठीत कोंबली आणि तिच्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "आईवर जा हो, बाळ."

घरी कलिंगड कापलं. टीसीचं बरोबर होतं. मधोमध हाताएवढा गुलाबी ठिपका, बाकी सगळं पांढरं. बायकोनं त्या पांढऱ्याचं थालीपीठ केलं आणि मेव्हण्याला फोन करून गाडीची घडी कशी करायची ते विचारलं. एक बटण असतं म्हणे, मुठीच्या खाली.

तेव्हा कोपरीतल्या तमाम आईबापांना विनंती एवढीच. फलाट तिकीट दोन तास चालतं, त्यावर एक मिनिट नाही. तलावपाळीला जाताना परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा, आणि शू आहे का ते पूर्वेलाच विचारून घ्या.