विश्वशांतीचा पदवी अभ्यासक्रम
आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय विद्यापीठात शिकवायला सुरुवात झाली ती 1919 साली, वेल्सच्या समुद्रकाठच्या ॲबरिस्टविथ या गावी. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. कोळसा आणि रेल्वेवर गबर झालेल्या घराण्यातले डेव्हिड डेव्हिस स्वतः आघाडीवर जाऊन आले होते. युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ त्यांनी आणि त्यांच्या दोन बहिणींनी तिथल्या कॉलेजला 20,000 पौंड दिले आणि या विषयाचे जगातले पहिले अध्यासन उभे राहिले. कॉलेजची इमारत मुळात हॉटेलासाठी बांधलेली. हॉटेल बुडाले म्हणून ती शिक्षणाच्या वाट्याला आली. सार्वभौम राष्ट्रांच्या व्यवहाराचा अभ्यास सार्वभौम नसलेल्या देशात, बुडीत हॉटेलात सुरू झाला, हे पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत. सांगायला हवे.

हेतू निर्मळ होता: युद्धे का होतात ते शोधायचे, म्हणजे ती थांबवता येतील. पहिले प्राध्यापक आल्फ्रेड झिमर्न यांना मात्र दोनच वर्षांत गाव सोडावे लागले. फ्रेंच शिकवणाऱ्या सहकाऱ्याच्या पत्नीशी त्यांचे सूत जुळले, पुढे विवाहही झाला. राष्ट्राराष्ट्रांतला सलोखा शिकवायला आलेल्या गृहस्थांनी दोन विभागांतला सलोखा घालवला. 1936 साली त्याच खुर्चीवर ई. एच. कार बसले आणि या विषयाचे प्रवर्तक कसे स्वप्नाळू आहेत, हे त्यांनी त्या प्रवर्तकांच्याच पैशाने सविस्तर मांडले. डेव्हिस संतापले. कार यांचे गाजलेले पुस्तक 1939 साली बाहेर पडले आणि त्याच सुमारास दुसरे महायुद्धही. विषयाला तेव्हा जे वळण लागले ते कायमचे: युद्ध थांबवता आले नाही तरी चालेल, ते अटळ का होते हे मुद्देसूद लिहिता आले पाहिजे.

भारतात ही विद्या दिल्लीच्या सप्रू हाउसमध्ये 1955 साली संशोधनाच्या पातळीवर आली. तिथली ही संशोधन संस्था 1970 मध्ये जेएनयूत विलीन झाली. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातला विभाग 1956 चा. महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांत मात्र हा विषय राज्यशास्त्राच्या पदवीत एखाद-दुसऱ्या पेपरापुरता भेटतो. स्वतंत्र पदवी मुख्यतः खासगी विद्यापीठांत मिळते, आणि तिथली फी भरताना घरातल्या थोरांना परकीय कर्ज म्हणजे काय, हे पुस्तकाविना कळते.

पहिल्या वर्षी 1648 हे साल पाठ होते. त्या साली वेस्टफालियाचे तह झाले आणि आधुनिक राष्ट्रव्यवस्था जन्मली, असे प्रत्येक उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहायचे असते. तहाच्या वाटाघाटी म्युन्स्टर आणि ओस्नाब्र्युक अशा दोन गावांत चालल्या. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळी एका ठिकाणी बसायला तयार नव्हती, आणि कोणाचा मान आधी यावर काळ गेला तो वेगळाच. मानापमानाचे हे प्रकरण मराठी विद्यार्थ्याला समजावून द्यावे लागत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये त्याने ते पाहिलेले असते. त्याच 1648 च्या सुमारास शिवाजी महाराज पुरंदरावर आदिलशाही सरदार फत्तेखानाशी लढत होते, पण त्या लढाईवर प्रश्न येत नाही.

दुसऱ्या वर्षी सिद्धांत येतात आणि विद्यार्थी घरात बोलेनासा होतो. वास्तववाद सांगतो की राष्ट्रांच्या डोक्यावर कोणी सरकार नाही, म्हणून प्रत्येकाला स्वतःचे पाहावे लागते. उदारमतवाद म्हणतो, व्यापार आणि संस्था वाढवा, भांडणे कमी होतील. केनेथ वॉल्ट्झ यांनी 1979 साली हा निर्नायकीचा विचार इतका घट्ट बांधला, की त्यात सोव्हिएत संघ मोडायला जागाच उरली नाही. तो 1991 मध्ये मोडला, आणि जगभरचे विभाग काही काळ गप्प होते. 1992 साली अलेक्झांडर वेंट यांनी लिहिले की निर्नायकी ही राष्ट्रेच आपल्या वागण्याने घडवतात; झाले, रचनावाद रुजला. याच वेंट यांनी 2008 मध्ये एका सहलेखकाबरोबर, सरकारे उडत्या तबकड्यांचा विषय गांभीर्याने का घेत नाहीत, यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. डॅनियल ड्रेझ्नर यांनी तर 2011 साली, मुडदे उठून चालू लागले तर कोणता सिद्धांत काय म्हणेल, यावर अख्खे पुस्तक लिहिले. ते विनोदी आहे आणि वर्गात लावलेल्या बऱ्याच गंभीर पुस्तकांपेक्षा त्यातून अधिक कळते.

भारतीय विचार म्हणून कौटिल्य असतो: शेजारी तो शत्रू, शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र. एवढ्यावर दहा गुण मिळतात. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ मात्र सहसा नसते. त्यात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीयांबद्दल, बजावले आहे की हे इतर सावकारांसारखे नुसते व्यापारी नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत, यांना समुद्रकाठी ठाणे बांधू देऊ नये. अमात्य अठराव्या शतकाच्या आरंभी हे लिहीत होते. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. विषयाचा मूळ नियम पाहता त्यांचा दोष एवढाच, की त्यांनी घडण्याआधी सांगितले.

प्रात्यक्षिक म्हणजे अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा. साताऱ्याच्या मुलीला चिठ्ठीत फ्रान्स येतो, इचलकरंजीच्या मुलाला चाड. स्वतःविषयी ‘मी’ म्हणायची बंदी असते. पाणी हवे असले तरी ‘चाडच्या प्रतिनिधींना’ हवे असते. उधारीचा कोट घालून दोन दिवस वाद होतो, जेवणापूर्वी शस्त्रसंधी होते, आणि ज्याच्याकडे नकाराधिकार आहे तो देश शेवटच्या तासाला तो वापरतोच, कारण पुन्हा कधी मिळायचा!

पदवीधराची खरी परीक्षा घरच्या कार्यक्रमात. वरणभात वाढून घेताना काका विचारतात, “काय रे, होणार का युद्ध?” त्यावर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येत नाही, हीच शिक्षणाची खूण. वास्तववादानुसार होईल, उदारमतवादानुसार होणार नाही, रचनावादानुसार काका ‘युद्ध’ कशाला म्हणतात त्यावर आहे. काका पापड घेऊन पुढे सरकतात.

नोकऱ्या संशोधन संस्था, वृत्तपत्रे, स्वयंसेवी संस्था आणि दूतावासांतल्या स्थानिक कामांत मिळतात. बहुतेकांना आधी एम.ए. करावे लागते. परराष्ट्र सेवेत जायचे तर लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते आणि तिला कोणत्याही शाखेची पदवी चालते. 2019 साली परराष्ट्रमंत्री झालेल्या एस. जयशंकर यांची या विषयातली डॉक्टरेट जेएनयूची आहे; पहिली पदवी रसायनशास्त्राची.