नाण्यांचे नाना

काशीदच्या किनाऱ्यावर शहाळ्याची टपरी सापडायला वेळ लागत नाही. नानांच्या टपरीवर शहाळं हातात पडायला लागतो. कारण नाना पैसे मोजत नाहीत, वाचतात.

नाणं दिलंत की ते उन्हात धरतात. "सिंह किती?"

"तीन."

"चार! चौथा पाठीमागं आहे. सारनाथला जाऊन बघा." नाना स्वतः रेवदंड्याचा पूल सहसा ओलांडत नाहीत. मग सालाखाली नखानं टोकरायचं. चौकट दिसली की नाणं आपल्या मुंबईच्या टांकसाळीचं, त्याला नमस्कार. चांदणी हैदराबादची. कोलकात्याची नाणी बिनखुणेची, म्हणून ती 'बेवारशी' गल्ल्यात.

किनाऱ्यावरच्या घोडेवाल्याला ते रोज ऐकवतात, "1950 साली तुझा घोडा एका पैशावर होता. तू आता काय घेतोस, बघ!" वाघाबद्दल मात्र त्यांना खरं दुःख आहे. 1947च्या रुपयावर वाघ होता. प्रजासत्ताकाची पहिली नाणी 15 ऑगस्ट 1950ला आली तेव्हा त्याला उठवून तिथे कणसं बसवली. पुढे वाघ राष्ट्रीय प्राणी झाला. "आपल्याकडं सत्कार रिटायर झाल्यावरच!" हे वाक्य मात्र मी त्यांच्याकडून खुशाल उसनं घेतलं आहे.

खरा घोळ वीसच्या नाण्यानं घातला. बारा कोनांचं, 27 मिलिमीटरचं, साडेआठ ग्रॅमचं. नाना डोळे मिटून ओळखतात, आणि दृष्टिहीनांना ओळखता यावीत म्हणूनच ही मालिका किंमत वाढेल तशी आकारानं आणि वजनानं वाढत जाते. पण त्यावर धान्य आहे ते कुठलं? साताऱ्याचे एक पाहुणे म्हणाले, गव्हाची ओंबी. नानांनी कोयता खाली ठेवला. "भाताची लोंबी आहे ती! गहू पिकतो का इथं?" सरकारी वर्णनात नुसतं 'धान्य' म्हटलं आहे. सरकार कधीकधी फार शहाणं असतं. पाहुण्यांचं कुटुंब तोवर शेजारच्या टपरीवर लिंबूसरबत पिऊन आलं.

सुरूच्या झाडांखाली फोटो काढणाऱ्यांना नाना सांगतात, हे झाड मूळचं इथलं नव्हे, ऑस्ट्रेलियाकडचं. इथल्या झाडासाठी नानांची मागणी साधी आहे: एका तरी नाण्यावर श्रीवर्धनी रोठा सुपारी हवी. आकार तयारच आहे, साच्याचा खर्च वाचेल.

टपरीवर क्यूआर कोडही आहे. मुलानं लावला, नानांनी उलटा करून ठेवला. त्यावर सिंह नाहीत.

तरी काशीदला गेलात तर शहाळं नानांकडंच घ्या, मलई जाड असते. फक्त शेवटची एस.टी. गाठायची असेल, तर वीसचं नाणं खिशातच राहू द्या.