विश्व गणितच आहे, हे पटवून देण्याची सोपी रीत

सुरुवात नेपच्यूनपासून करावी. १८४६ साली पॅरिसमध्ये बसून ले व्हेरिए यांनी युरेनसच्या वाकड्या चालीवरून आकडेमोड केली आणि बर्लिनला पत्र धाडले. पत्र पोहोचले त्याच रात्री योहान गाले यांना, सांगितल्या जागेपासून अंशभराच्या आत, नवा ग्रह दिसला. इथे थांबावे. समोरच्याला ‘वा!’ म्हणायला उसंत द्यावी.

मग डिरॅक. त्यांच्या १९२८च्या समीकरणातून इलेक्ट्रॉनचे उलट्या विद्युतभाराचे भावंड डोकावले आणि १९३२ साली अँडरसन यांना ते वैश्विक किरणांत सापडले. (मध्यंतरी डिरॅक त्याला प्रोटॉनच समजून बसले होते, ते सांगू नये.)

केप्लर टाळावा. सुसम घनाकृती पाचच, म्हणून ग्रह सहाच, असे त्याने १५९६ मध्ये मांडले. देखणे होते. १७८१ मध्ये युरेनस सापडला.

खरी अडचण आता येते. एखादा खवचट ‘व्हल्कन’ म्हणतोच. बुधाची कक्षा न्यूटनच्या हिशेबापेक्षा किंचित जास्त सरकते, म्हणून त्याच ले व्हेरिए यांनी १८५९ मध्ये तीच युक्ती पुन्हा लढवली: बुधाच्या आत काहीतरी फिरत असणार. एका खेडेगावच्या डॉक्टरने ‘पाहिला’ म्हटले. ग्रहाचे बारसे झाले, डॉक्टरला फ्रान्सचा मोठा सन्मानही मिळाला. ग्रह मात्र नव्हताच. शतकामागे ४३ विकलांचा तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलून मिटवला. तोच माणूस, तोच नियम, तीच हुशारी. एकदा ग्रह आणि एकदा भोपळा. यातले खरे कोणते हे वहीत कुठेच लिहिलेले नव्हते. त्यासाठी आकाशाकडेच बघावे लागले.

यावर ‘आइन्स्टाइनचेही गणितच ना! रीमानने १८५४ मध्येच त्याची तयारी करून ठेवली होती,’ असे ठणकावावे. उत्तर चांगले आहे. फक्त रीमानच्या पोतडीत भूमिती खंडीभर होत्या आणि निसर्गाने त्यातली हीच का उचलली, या प्रश्नाला वाव देऊ नये.

अगदीच कोंडी झाली तर मॅक्स टेगमार्क काढावेत. त्यांच्या मते, गणितात जी जी रचना सुसंगतपणे मांडता येते ती ती प्रत्यक्षात असतेच. मग व्हल्कनही कुठल्यातरी विश्वात बुधाच्या आत गरगरत असणार. ले व्हेरिए चुकले नाहीत, त्यांचा पत्ता तेवढा चुकला. समोरच्याने तो पत्ता मागितला, तर चहा मागवावा.